विमलमावशीचा काढा

कडाव

प्रिय सुरभी,

‘प्रिय’ लिहावं की नको, म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. शेवटी लिहिलं. शाळेपासूनची सवय, दुसरं काही नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला अंगठा पाठवून मोकळी होतेस, म्हणून कागदावर भांडते आहे. आता पूर्ण वाच.

आधी बातमी. परवा कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. बाळाची वाढ अजून मागेच आहे, पण मागच्यापेक्षा जरा वजन धरलंय म्हणे. झुहेब भातगिरणी बंद ठेवून माझ्याबरोबर येतो आणि बाहेर बाकावर नखं खात बसतो. सासूबाईंनी मला गिरणीत पाऊल टाकायची बंदी केली आहे. तुसाची ती धूळ, तो मेला खोकला! त्याच खोकल्यापायी हे सगळं झालं.

आठवतं ना, तुझ्या लॅबची माणसं घेऊन तू आमच्या गिरणीत आली होतीस? सगळ्यांना त्या नळीत फुंकायला लावलंस. नामाकाकांची कवळी उडाली आणि हसून हसून तू तुसाच्या ढिगावरच बसलीस. मग तुझ्या आईचा, विमलमावशीचा, अडुळशाचा काढा आम्हाला रोज पाजलास, पुन्हा फुंकायला लावलंस, आणि आमची फुंकर वाढली. पंचायतीनं तुम्हा मायलेकींचा सत्कार केला. तू माइकवर म्हणालीस, माझ्या आईच्या काढ्यानं छाती मोकळी होते हे आता मशीननं दाखवलंय. मावशी पदर तोंडाला लावून रडली. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या गं!

त्या दिवसापासून मावशीची चूल काही विझली नाही. कुणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि जरा खोकली, की मावशी तांब्या भरून दारात हजर. आधी बाया कडू म्हणून नाकं मुरडायच्या. आता कोण नको म्हणणार? मशीननं पास केलेला काढा! मीही रोज सकाळी नाक दाबून प्यायले.

आणि बाळ वाढत नाही असं कळलं, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरूनच तुला फोन लावला. तू पहिलं काय विचारलंस? आईचा काढा पितेस का. मी हो म्हटलं. मग हळूच सांगितलंस, गाभण उंदरांना तोच अर्क दिला होता, पिल्लं लहान निपजली. कधी? तर गेल्या पावसाळ्यात! अगं, गेल्या पावसाळ्यात मला दिवससुद्धा गेले नव्हते. एक फोन केला असतास तर तो तांब्या मी दारातूनच परत पाठवला असता. वर म्हणालीस, पेपर छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नसतं. आणि आईला सांगू नकोस, तिला सोसायचं नाही. उंदरांवरून माणसांचं ठरवता येत नाही, हेही ऐकवलंस. असेल. धुळीनं झालं असेल, माझ्या अंगात रक्त कमी आहे त्यानं झालं असेल. डॉक्टरीणबाईही नक्की सांगत नाहीत. पण जे नक्की नाही, तेच आधी सांगायचं ना? छातीचं सांगायला माइक चालला आणि बाळाचं सांगायला तुझं तोंड उघडेना? कसलं डोंबलाचं शिक्षण!

तरी मी गप्प बसले, तुझ्यासाठी. पण गेल्या आठवड्यात तुझी वहिनी खोकताना ऐकली. तिला दिवस गेलेत, ठाऊक आहे ना तुला? आणि मावशी परसात टोपली घेऊन अडुळसा खुडत होती. माझं डोकंच फिरलं. तशीच पोट सावरत गेले, टोपली हिसकावली आणि होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. मावशी ओरडली नाही की भांडली नाही. कुंपणापाशी मटकन बसली. मग एकेका पोराचं नाव घेऊ लागली. चिंधीचा बारका, कमळ्याची पोरगी, ही माज्या काढ्यानंच बारीक ऱ्हायली काय गं? आणि शेवटी माझा हात धरून विचारलं, आमच्या सुरभीला म्हाईत होतं काय?

आणि मी, महामूर्ख, म्हणाले, नाही मावशी, तिलाही आत्ताच कळलं. राग तुझ्यावर होता आणि तोंडातून हे निघालं! तिचा चेहरा जरा सैल झाला. म्हणाली, मग माजी ही अवस्था तिला सांगू नको, पोरीला सोसायचं नाय. तुम्ही मायलेकी एकमेकींना जपा, आणि मध्ये मी बसते पोट धरून! तेव्हापासून मावशी रोज आमच्या पायरीवर येऊन बसते. आत येत नाही, पाणी घेत नाही, माझ्या पोटाकडे बघत नाही. सगळा दोष तिनं एकटीनं उचललाय. त्यातला तुझा वाटा न्यायला रविवारी ये. उंदरांचं, गेल्या पावसाळ्याचं, सगळं तिला तुझ्या तोंडानं सांग. तुझ्यासाठी मी एकदा खोटं बोलले. सोमवारी ती पुन्हा पायरीवर दिसली, तर खरं सांगणार आहे.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
रुबिना