आंबापोळीची राखण

कल्पिता,

नाईट करून झोपली होतीस म्हणून उठवलं नाही. बंड्याला ओठावर मधमाशी चावलीय. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसा काटा कार्डाच्या कडेने खरवडून काढला. त्यांच्याकडूनच औषध आणायला जातेय, अर्ध्या तासात येते. बर्फ फडक्यात गुंडाळून मधेमधे लाव. सूज गळ्याकडे गेली किंवा धाप लागली, तर माझी वाट बघू नकोस. रिक्षा करून सरळ दवाखान्यात ने.

शेजारच्या मथुराकाकू त्याच्याजवळ बसल्यात. त्यांना मी सांगितलं, तो आपणच गॅलरीत गेला. ते खोटं आहे गं. आंबापोळी वाळत घातली होती, कावळ्यांपासून राखायला मीच त्याला साखळीने बांधला. बांधू नका म्हणून तू किती वेळा सांगितलंस. गोडावर मधमाश्या येतील हे गावच्या माणसाला कळू नये?

साखळी कचऱ्यात टाकलीय. आंबापोळीपण.

अजून एक. तो भुंकत होता तेव्हा मला वाटलं, कावळेच आलेत. तुझी झोप मोडेल म्हणून मी आतूनच ओरडले, "गप रे!"

आणि तो बिचारा गप बसला.

आई