जीपच्या हुकाचा उजवा सांधा

बाबा, आज सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकाचं वेल्डिंग चाललं होतं. कारागिराला रंग मारायची घाई होती म्हणून त्याने गरम जोडावर पाण्याची बाटली उपडी केली. चर्र आवाज झाला आणि मी दुसऱ्या मजल्यावरून त्याच्यावर अशी ओरडले की शेजारच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. तो वर बघत म्हणाला, "मॅडम, गेट आहे, विमान नाही." बरोबर होतं त्याचं. फाटकाच्या साध्या लोखंडाला एवढ्या पाण्याने काही होत नाही, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. मी खिडकी लावून घेतली आणि स्वयंपाकघरात येऊन बसले. तो सगळा राग तुमचा होता, त्या बिचाऱ्याच्या वाट्याला आला. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली आणि मी अजून तुमच्यावर ओरडतेच आहे.

दहिसरच्या नाक्यामागची आपली वेल्डिंगची शेड आठवते. पुढे शेड, मागे आपल्या दोन खोल्या, मध्ये एकच दार. नाक्यावर खोळंबलेल्या लॉऱ्यांची कामं यायची, वाकलेले बंपर, फाटलेल्या टाक्या, तुटलेले हूक. मी तिथेच खोक्यावर बसून अभ्यास करायचे आणि तुम्हीच एके दिवशी माझ्या हातात होल्डर दिलात. आई म्हणाली, पोरीचे डोळे जातील, रंग जळेल, मग कोण करणार तिला. तुम्ही वेल्डिंगची काळी काच माझ्या तोंडासमोर धरून म्हणालात, "उजेडाक बघू नको गो बाय, रस बघ." रस म्हणजे वितळलेलं लोखंड. तो रस पुढे सरकतो तसा हात सरकवायचा, आधी नाही, नंतर नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत मी बंपर जोडले, खिडक्यांचे गज जोडले, आणि लॉरीवाले मला बघून हसायचे बंद झाले. हे तुम्ही केलंत. त्याबद्दल मी कधी कृतघ्न नव्हते, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी चांगलं काही लिहिणार नाही.

मी बारावी झाले त्या वर्षी पावसाळा सरल्यावर मनोरीचे ते म्हातारे जीप घेऊन येतात. लष्कराच्या लिलावातली, महायुद्धातली जीप, स्टिअरिंग डावीकडे, बाजूला दारं नाहीत. त्यांची किनाऱ्यावर भाड्याने द्यायची दोन घरं होती आणि एक होडी. होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर घालून जीपने वर ओढायची होती. जीपचा मूळचा हूक कधीच गेला होता आणि तो जिथे बसतो ती मागची आडवी पट्टी खाऱ्या हवेने खाल्ली होती. बोरिवलीच्या दोन गॅरेजांनी त्यांना परत पाठवलं होतं. तुम्ही जीपखाली झोपलात, पट्टीवर हातोडीने टिचकी मारलीत आणि म्हणालात, हिच्यावर हूक लावला तर पहिल्याच ओढीला पट्टीसकट बाहेर येईल. मी म्हटलं, मग ओढ पट्टीवर घ्यायचीच कशाला? हुकाच्या प्लेटला दोन हात काढू, ते दोन्ही बाजूंनी पुढे चेसिसपर्यंत नेऊ, तिथे बोल्ट मारू. मी पंख्याचं रिकामं खोकं कापून त्या हाताचा फर्मा बनवला. तुम्ही तो जीपखाली लावून बघितलात आणि म्हणालात, "एक सूत खाली घे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चूक तेवढीच. तुमची शाबासकी एवढीच असायची, आणि ती मला पुरायची. त्याच रात्री जेवताना तुम्ही आईला सांगितलंत की बीएचा फॉर्म पुढच्या वर्षीही राहू दे. हा हूक नीट झाला तर दसऱ्यापासून बाय माझ्याबरोबर शेडवर उभी राहील, कायमची. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मला त्या रात्री झोप आली नाही.

हुकाच्या त्या दोन हातांसाठी तुम्ही लॉरीच्या जुन्या स्प्रिंगच्या पाट्यांचं लोखंड निवडलंत, कारण ते चिवट. पण पाट्याच्या लोखंडाचा एक नियम तुम्ही मला मारून शिकवला होता. जोडायच्या आधी तापवायचं, जोडल्यावर राखेत पुरून ठेवायचं, आपल्या आपण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. पाणी तर नाहीच. तापलेल्या पाट्याला पाणी लागलं की तो काचेसारखा होतो, बाहेरून कळतही नाही. एकदा मी ओलं फडकं लावलं तर तुम्ही माझ्या हातावर फटका दिलात. लोखंडाला दम खाऊ दे, म्हणालात.

डावा हात प्लेटला जोडणारा सांधा मी तुमच्यासमोर केला. उजवा एकटीने केला, नवरात्राच्या आठव्या दिवशी दुपारी, तुम्ही बोल्ट आणायला बोरिवलीला गेला होतात तेव्हा. त्याच दुपारी माझी पाळी आली होती. घरात घट बसलेले होते, सांगितलं असतं तर मला त्या क्षणी बाजूला बसवलं असतं आणि उजवा सांधा तुम्ही केला असता. मी सांगितलं नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. संध्याकाळी तुम्ही राख बाजूला करून सांध्यावरून अंगठा फिरवलात, मग डाव्यावरून, मग पुन्हा उजव्यावरून. मला म्हणालात, चहा टाक.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारं धुऊन पुसून तांबड्या कापडावर मांडलेली, वेल्डिंगच्या मशीनला झेंडूची माळ, आणि मधोमध आपला हूक, कारण त्या वर्षीचं मोठं काम तेच. लालबागहून काका आले होते, तुमचे मोठे भाऊ, ज्यांच्यासमोर तुम्ही पन्नाशीतही खुर्चीवर बसत नव्हतात. मी पूजेचं ताट घ्यायला पुढे आले नाही म्हणून आईने विचारलं. कधीपासून? काल दुपारपासून, मी म्हटलं. आईचं तोंड उतरलं. ती बाहेर जाऊन हळू आवाजात तुमच्याशी बोलली, पण काकांनी ऐकलंच. म्हणाले, "ह्या असाच पूजेक ठेवतलंस?"

आईवर मी रागावलेली नाही. ती हे सगळं मानत होती, मनापासून मानत होती. तुम्ही मानत नव्हतात. एकादशीला शेजारच्या गॅस-कटरवाल्या चाचांच्या डब्यातलं मटण खाणारा माणूस तुम्ही. आई बाजूला बसली की स्वतः भात टाकायचात आणि म्हणायचात, बाईमाणसाला चार दिवस सुट्टी, दुसरं काय. मग त्या सकाळी काय झालं? काकांनी एक वाक्य टाकलं आणि तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलं नाहीत. मशीनची माळ काढून ठेवलीत आणि ग्राइंडर उचललात.

मी मागच्या दाराशी पाटावर बसलेली आहे. दिसत काही नाही, पण ग्राइंडर माझ्या सांध्यावर चढला की आवाज जाड होतो आणि खालच्या पाट्याला लागला की किरकिरतो, तेवढ्यावरून मला कळतं आहे की माझं किती राहिलं. मग भिंतीवर निळा उजेड. तुम्ही सांधा पुन्हा भरताय. मला वाटलं, ठीक आहे, निदान काम चांगलं होईल, हात तर तुमचा आहे. तेवढ्यात काका म्हणतात की शुद्ध करून घे आणि मला त्यांच्या पिशवीतली बाटली वाजलेली ऐकू येते. गोमूत्राची. तुम्ही मशीनवर शिंपडता, होल्डरवर शिंपडता. मी उठून दारापर्यंत आले आणि ओरडले, "बाबा, त्याच्यावर नको! गरम आहे!"

काका हसले. म्हणाले, "बघ, आता ती तुका शिकवतली."

आणि तुम्ही म्हणालात, "गप रव गो. आत जा." पुढच्याच क्षणी चर्र झालं. तो आवाज तुम्हाला ऐकू आला नाही असं मला कोणी सांगू नये. तुमच्या कानाला तो माझ्याआधी कळला असणार. तुम्ही थांबला नाहीत. कारण मी सांगितलं होतं आणि काका बघत होते, म्हणूनच थांबला नाहीत.

दसऱ्याला सकाळी मनोरीचे म्हातारे आले. ख्रिस्ती माणूस, पण तुमच्यासाठी जीपच्या बॉनेटला झेंडूचा हार घालून आले. तुम्ही हूक चढवलात, बोल्ट आवळलेत. ते गुडघ्यावर बसून खालून बघत होते, बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मस्त केलंस रे. कोणाचं डोकं?" मी दाराआड उभी होते. तुम्ही दाराकडे वळून, मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "सगळं बायनेच केलंय."

ते खोटं होतं, उजव्या सांध्यापुरतं. का बोललात? काल जे केलंत ते भरून काढायला? मी इतकी खूश झाले की मला स्वतःचीच चीड आली.

दिवाळीनंतर तो सांधा तुटला. किनाऱ्यावरून वर येणाऱ्या चढावर, होडीत जाळी भरलेली असताना. उजवा हात प्लेटपासून सरळ निखळला, डावा टिकला, म्हणून ट्रेलर वाकडा होऊन जीपला लटकत राहिला आणि मागे ढकलणारी माणसं वाचली. होडीची एक फळी फुटली. म्हातारे हूक घेऊन आले तेव्हा मी शेडमध्येच होते. मी तो तुटलेला तुकडा हातात घेतला. तुटलेली जागा दाणेदार, चकचकीत होती, खडीसाखर तुटते तशी. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात, उजेडात धरलात, आणि तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्हाला सगळं कळलं होतं. म्हातारे जराही चिडलेले नव्हते, हेच वाईट झालं. म्हणाले, "पोर आहे, शिकेल हळूहळू. पण तू एकदा बघायला पाहिजे होतंस ना रे."

बाबा, तुम्ही एक वाक्य बोलायचं होतं. तो सांधा पोरीचा नाही, माझा आहे, एवढंच. गोमूत्राचं सांगायची गरज नव्हती, पाळीचं तर नव्हतीच. माझ्या हातून पाणी लागलं, म्हणायचं होतं. मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते आणि त्या वाक्याची वाट बघत होते.

तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं. पोरीच्या हातात द्यायला नको होतं."

रात्री जेवताना तुम्ही तुमच्या ताटातली सुरमईची मोठी तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवलीत. आई बघत राहिली, तिला काही कळेना. मला कळलं, आणि त्याने मी आणखी पेटले. बोलायला तोंड होतं ना तुम्हाला. त्या म्हाताऱ्यांसमोर होतं, काकांसमोर होतं, मला गप बसवायला होतं. मी ती तुकडी ताटातच ठेवून उठले. तुम्ही पुन्हा मला होल्डर दिला नाहीत आणि मी मागितला नाही. पुढच्या वर्षी बीएला गेले. शेड काकांच्या मुलाकडे गेली, त्याने ती विकली, आता तिथे टॉवर आहे. नाक्यावर मात्र बरीच वर्षं लोक सांगायचे की पोरीने जोडलेला हूक कसा तुटला.

मी तुमच्या बाजूने विचार करून पाहिला आहे. एकदा खोटं बोलल्यावर माणूस त्यातच अडकतो, भावासमोर माणूस लहान होतो, हे सगळं मी स्वतःला समजावलं आहे, आणि मलाही आता घर आहे, मोठे दीर आहेत, गप्प बसण्याचे प्रसंग आहेत. समजतं सगळं. राग जात नाही.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही, आईलाही नाही. एक मात्र तुम्हाला सांगते. त्या जीपची गोष्ट मी माझ्या मुलीला खूपदा सांगितली आहे, तिच्या मैत्रिणी आल्या की ती पुन्हा सांगायला लावते. खोक्याचा फर्मा, एक सूत खाली, बॉनेटवरचा हार, आणि मग तुम्ही दाराकडे वळून म्हणता की सगळं बायनेच केलंय. मुली टाळ्या वाजवतात. मी दर वेळी तिथेच थांबते. पुढचं मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.