ह्यांच्या जागी

४ मार्च, सकाळी
आजपासून आमदार. निवडून मागच्या महिन्यातच आले, पण शपथ आज आहे. हे गेले, जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, पक्षाने मला उभं केलं आणि लोकांनी भरभरून मतं दिली. भावजी म्हणाले, वहिनी, ही सहानुभूती आहे. मी म्हटलं, असेल थोडी, पण माझ्या भाषणांचाही परिणाम आहे. भाषणं मी दोन केली. दोन्हींत रडले. मुद्दा लोकांपर्यंत पोचला.

संकल्प: रोज नियमावलीची पाच पानं वाचायची. पहिल्या आठवड्यात सभागृहात भाषण करायचं. विधानसभेची मुदत संपायला अजून वर्ष आहे. तेवढ्यात असं काम करायचं की पुढचं तिकीट मागावं लागू नये, घरी आणून देतील.

४ मार्च, संध्याकाळी
शपथ चांगली झाली. हातात कागद दिला होता, तो मी एक अक्षर न गाळता वाचला. "मी, येथे सदस्याने स्वतःचे नाव घ्यावे, अशी शपथ घेते की." सभागृह हसलं. अध्यक्षांनी पुन्हा वाचायला सांगितलं. म्हणजे बाकीच्यांची शपथ एकदा झाली, माझी दोनदा.

आमच्या पक्षाच्या आमदारांनी कधी उठायचं, कधी बसायचं आणि मत कुणाला द्यायचं हे सांगायला एक प्रतोद आहे. तो जवळ येऊन म्हणाला, ताई, पुढच्या वेळी फक्त नाव घ्या. माणूस चांगला आहे. जरा घाबरट वाटला.

आमदार निवासात खोली मिळाली. ह्यांचीच. रिकामी होती, म्हणून मीच मागून घेतली. अभ्यासाला शांत आहे. कपाटात ह्यांचा टॉवेल होता तसाच आहे. खोल्यांची व्यवस्था बघणाऱ्याने विचारलं, धुवायला टाकू का. नको म्हटलं. उगाच साबण वाया.

५ मार्च
भाषण झालं नाही. आज शोकप्रस्ताव होता, ह्यांचाच. सदस्य गेला की पुढच्या अधिवेशनात आधी त्याच्याबद्दल सगळे चांगलं बोलतात, दोन मिनिटं उभे राहतात आणि त्या दिवसाचं काम बंद करतात. विरोधी पक्षनेत्यांनी ह्यांना आयुष्यभर बेडूक म्हटलं. आज म्हणाले, माझा थोरला भाऊ गेला. तेही मी सोडून दिलं. मग एक मंत्री म्हणाले, ते अतिशय मितभाषी होते.

हे काही ऐकून घेण्यासारखं नव्हतं. मी उठून हरकतीचा मुद्दा घेतला. नियमावलीत आहे. काल रात्री वाचलेल्या पाच पानांत होता. मी सांगितलं की अध्यक्ष महोदय, माननीय मंत्री सभागृहाला चुकीची माहिती देत आहेत, ते झोपेतसुद्धा बोलायचे. अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी पुस्तकात पाहिलं. शोकप्रस्तावावर हरकत घ्यायची नाही असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण तशी ती आजवर कुणी घेतलेलीच नाही. प्रतोद मागून ताई बसा, ताई बसा म्हणत होता. शेवटी माझं बोलणं कामकाजातून काढून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी नवा पायंडा पाडला. हे असते तर म्हणाले असते, घरात बोलतेस ते तिथे कशाला.

दोन मिनिटं उभे राहिलो. दोन मिनिटं एवढी मोठी असतात हे माहीत नव्हतं.

६ मार्च
पाच पानं वाचायची होती. डोकं दुखत होतं.

७ मार्च
अजून दुखतंय. उद्या दहा वाचेन.

१३ मार्च
माझा प्रश्न लागला होता. आमच्याकडच्या मोठ्या बसथांब्याला छप्पर नाही, ते कधी होणार. क्रमांक अठरावा. प्रश्नोत्तराचा तास संपला तेव्हा गाडी पाचव्या प्रश्नावर होती. मंत्री मला टाळताहेत हे उघड आहे. पहिल्या चार प्रश्नांवर मुद्दाम वेळ काढत होते.

उत्तर छापील मिळालं. "बसथांब्यास छप्पर नाही, हे खरे आहे काय?" याला उत्तर, "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, ते केव्हा बसविण्यात येईल?" याला उत्तर, "प्रश्न उद्भवत नाही."

अंशतः का होईना, सरकारला कबूल करायला लावलं. पी.ए.ला सांगितलं, पेपरला बातमी द्या. तो हो मॅडम म्हणाला. हा प्रत्येक गोष्टीला हो मॅडम म्हणतो. वचक बसला आहे.

१४ मार्च
पेपरात बातमी नाही. जागा नसेल.

१९ मार्च
सभागृहाच्या ग्रंथालयात गेले. माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचून शिकले. अधिवेशनाहून परत येताना हे नेहमी दोन-तीन पुस्तकं घेऊन यायचे. इथली ग्रंथपाल बाई म्हणाली की या वर्षी वाचायला आलेल्या तुम्ही पहिल्याच आमदार. बाकीचे येतात, पण इथे थंड असतं म्हणून झोपायला.

मग ती म्हणाली, साहेब दर वेळी यायचे. स्वतः एक पान वाचायचे नाहीत. म्हणायचे, बाई, जाडजूड काहीतरी द्या, घरी खादाड माणूस आहे.

आज एवढंच.

२ एप्रिल
अधिवेशन संपलं. भाषण पुढच्या अधिवेशनात. घाई केली की भाषण पडतं.

९ एप्रिल
मुलीचा फोन. अधिवेशन संपून आठवडा झाला, आई, तू अजून त्या खोलीत एकटी काय करतेस. मी सांगितलं, फायली आहेत. ती म्हणाली, कुठल्या फायली. तिला राजकारण कळत नाही. फोन ठेवताना म्हणाली, बाबांचा टॉवेल घेऊन घरी ये. टॉवेलचं हिला कुणी सांगितलं?

फायली खरंच आहेत. एक आहे.

१६ एप्रिल
घरी आले. दिवाणखान्यात ह्यांच्या खुर्चीत भावजी बसले होते. म्हणाले, पाठ दुखते, ही खुर्ची बरी पडते. समोर वीसएक माणसं. पी.ए. शेजारी उभा राहून भावजींना हो साहेब म्हणत होता. भावजींना कामाला लावलं हा माझा निर्णय योग्यच ठरला. मी अभ्यास बघायचा, त्यांनी बारीकसारीक कामं बघायची. माझे सह्या केलेले कोरे कागद संपले होते, ते पुन्हा करून दिले.

२५ मे
तीन उद्घाटनं होती. फीत कापायला भावजींना पाठवलं. म्हणजे ते निघालेच होते, मी परवानगी दिली. नेत्याने माणसं तयार करायची असतात. भावजींनी नवा कोट शिवला आहे. चालताना हल्ली दोन पावलं माझ्या पुढे असतात. रस्ता खराब आहे, काळजी घेतात.

जाऊबाई मात्र विचित्र वागते. तिने विचारलं, ताई, राजधानीतल्या त्या खोलीला बाल्कनी आहे का हो. आहे, पण हिला काय करायचंय?

२२ जुलै
दुसरं अधिवेशन. भाषण झालं! तीन मिनिटं मिळाली. मतदार, पक्ष, पक्षाध्यक्ष, अध्यक्ष महोदय आणि ह्यांचे आभार मानले. आता बसथांबा, एवढं म्हणेपर्यंत घंटा वाजली. तरी विषय सभागृहात निघाला. प्रतोद म्हणाला, छान, ताई, छान. हरकतीचा मुद्दा आला नाही म्हणून त्याला हायसं वाटलं असावं.

संध्याकाळी खोलीवर बाल्कनीत बसले. इथून काही दिसत नाही, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. हे फोनवर सांगायचे, बाल्कनीत बसलोय, फार सुंदर दृश्य आहे.

५ ऑक्टोबर
नियमावली पान बेचाळीस. चाळीसच्या पुढे फार अवघड नाही.

११ जानेवारी
निवडणुका जवळ आल्या. तिकीट निश्चित आहे. पक्षाकडे माझ्याइतका अनुभवी उमेदवार आमच्या भागात दुसरा नाही. भावजींनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, वहिनी. मी करत नाहीच आहे.

१८ जानेवारी
भावजी राजधानीला गेले आहेत. पाठीच्या डॉक्टरला दाखवायला. बरोबर तीन गाड्या माणसं नेली. पाठ बरीच वाढलेली दिसते.

२४ जानेवारी
पक्षाध्यक्षांकडे मुलाखत. हे आणि पक्षाध्यक्ष तरुणपणी एका स्कूटरवरून प्रचार करायचे, त्यामुळे ते मला वहिनी म्हणतात. मी सगळं पाठ करून गेले होते. छापील उत्तर, भाषण, नियमावलीची बेचाळीस पानं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला. म्हणाले, सर्व्हेत तुमचं नाव खाली आहे. मी म्हटलं, सर्व्हे अंशतः खरे असतात. ते हसले. मग कप बाजूला ठेवून म्हणाले,

"वहिनी, तुम्हाला हे सगळं मनापासून हवंय का?"

"हवंय तर. नाहीतर खोली जाईल."

"कुठली खोली?"

"ह्यांची."

त्यांनी कप पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "ती कुणाच्याच मालकीची नसते हो. मी तरी काय करू?"

मला खोली म्हणायचंच नव्हतं. जनसेवा म्हणायचं होतं. पाठ केलेलं ऐन वेळी मागेपुढे होतं. पण मुलाखत एकंदरीत उत्तम झाली. जाताना ते दारापर्यंत सोडायला आले. कुणालाही दारापर्यंत सोडत नाहीत म्हणे.

२ फेब्रुवारी
तिकीट भावजींना.

२ फेब्रुवारी, दुपारी
विचार केला तर हे योग्यच झालं. एवढे दिवस मीच त्यांना तयार केलं. भावजी पाया पडायला आले. खाली वाकताना पाठ अजिबात दुखली नाही.

९ फेब्रुवारी
खोली रिकामी केली. सामान थोडंच होतं. एक पिशवी माझी, एक ह्यांची. व्यवस्था बघणाऱ्याने किल्ली घेतली आणि पलंगाखाली, दारामागे, सगळीकडे काही राहिलं का ते पाहिलं. काही राहिलं नाही. मी बाल्कनीत जरा उभी राहिले. तो म्हणाला, बाई, घाई नाही. पण खाली गाडी थांबली होती.

घरी मुलगी आली होती. तिने ह्यांची पिशवी उघडली. टॉवेल हातात घेतला आणि माझ्या कपाटात माझ्या साड्यांवर ठेवला. हल्ली जरा कळायला लागलंय तिला.

२० फेब्रुवारी
प्रचार सुरू. मी स्टार प्रचारक. पोस्टर छापायला गेलं आहे. भावजींनी छापखान्यात फोन करून माझ्यासमोरच सांगितलं, वहिनींचा फोटो मोठा घ्या, दादांच्या शेजारी घ्या. दादा म्हणजे हे. एवढा मान कोण देतं?

२३ फेब्रुवारी
सकाळी दूध आलं नाही. फोन केला तर दूधवाला माझा आवाज ऐकून गप्पच झाला. मग म्हणाला, कोण बोलतंय?

त्यानंतर मुलीच्या सासूचा फोन. रडत होत्या. मुलीला द्या म्हणाल्या. मी म्हटलं, ती इथे नाही, मी बोलतेय. त्यांनी फोन ठेवला.

मग भावजी आले. कोट नाही, घामाघूम. त्यांच्याबरोबर चौकात गेले. बँकेच्या भिंतीवर दोन मजले उंच पोस्टर लागलं आहे. खाली मधोमध भावजी. त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्यकर्ते, जिवंत. वर निळं आकाश, ढग, आणि ढगांत गोल चौकटीत ते गेलेले नेते, ज्यांचे आशीर्वाद घ्यायचे असतात. छापखानेवाल्याचा साचा ठरलेला आहे. दादांच्या शेजारी घ्या म्हटल्यावर त्याने घेतलं. हे ढगात, आणि शेजारी मी. चारशे पोस्टरं लागून झाली.

भावजी म्हणत होते, वहिनी, चूक झाली, आज रात्रीत सगळी उतरवतो. जाऊबाई भर रस्त्यात रडत होती, पोस्टर पाहून की मला पाहून, ते कळलं नाही.

मी म्हटलं, राहू द्या. राजकीयदृष्ट्या हे उत्तम आहे. एका माणसाच्या सहानुभूतीवर मी निवडून आले, तुम्हाला दोघांची मिळेल. मी जरा घरातच बसेन, निकालापर्यंत बाहेर दिसणार नाही. भावजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांना डावपेच कळायला अजून वेळ लागेल.

मग ते गाडीकडे गेले, मी तिथेच थांबले. ह्यांचा फोटो पूर्वीचा आहे, केस काळे आहेत. माझा आत्ताचा आहे. म्हणजे मी चार-पाच वर्षांनी मोठी दिसते. पण दोघांच्या चौकटी अगदी चिकटून आहेत, मधे ढगसुद्धा नाही. ह्यांचं तोंड थोडं उघडं आहे, फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगत असणार.

उद्या सकाळी दूधवाल्याला स्वतः जाऊन भेटायचं. अर्धा लिटर चालू ठेवा म्हणावं.