साखरपुड्यापुरता डेंग्यू

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पायांवर पुन्हा लाल ठिपके! तीन वर्षांपूर्वी असेच आले आणि थेट आयसीयू. टीटीपी म्हणे — शरीराचे पहारेकरीच घरच्यांवर लाठ्या चालवतात. रक्तात बारीक गुठळ्या, प्लेटलेट खलास. लाखात एखाद्याला होतो. लॉटरी मात्र कधी लागली नाही!

डॉक्टरांनी बजावलंय, ठिपके दिसले की त्याच दिवशी या, नाहीतर जिवाशी गाठ. पण रविवारी लेकीचा, भार्गवीचा साखरपुडा. मुलाकडचं म्हणजे दाजीबानपेठेतलं कापडवाल्यांचं घर. आईच्या रक्तात खोट कळली तर मुलीचंही रक्त तपासून मागतील.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "रविवारपर्यंत निभेल का?" वकील माणूस — तारीखच मागणार!

गुरुवार, ६
शेजारच्या योगिताअक्कांनी ठिपके पाहिलेच. डेंग्यू म्हणून सांगितलं. डेंग्यू चालतो, त्याने अब्रू जात नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीतून पपईची पानं! "रस कुडीरी अक्का, एनू आगूदिल्ल!" रस प्या, काही होणार नाही म्हणे! प्यायले. कडू जहर.

शनिवार, ८
दात घासताना रक्त. भीती वाटते. खरंच वाटते.

रविवार, ९
पार पडलं! लांब बाह्यांचा ब्लाउज, डोकं जड, होणाऱ्या जावयाला, वरदला, दोनदा प्रसाद म्हणाले. धास्ती कासाराची होती — हात दाबून काचेच्या बांगड्या भरल्या की मनगट जांभळं होणार. माझी पाळी आली आणि वरदच्या आईने त्याला थांबवलं. "अक्कांना ह्या घालते." पिशवीतून उघडमिटीच्या बांगड्या काढल्या. एक ग्रॅमवाल्या! सगळ्या बायकांना हिरवी काच आणि नवरीच्या आईला हे! कापडवाल्यांची काटकसर, दुसरं काय! जीव भांड्यात पडला, पण अपमान तो अपमानच.

उद्या डॉक्टर.

सोमवार, १०
उजव्या हाताला मुंग्या. ह्यांना हाक मारते

मंगळवार, १८ नोव्हेंबर
आहे अजून! रोज प्लाझ्मा बदलतात. भार्गवीला म्हटलं, वरदच्या आईला डेंग्यूच सांग. पोरगी रडता रडता हसली. "आई, मी त्यांना पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. म्हणून तर त्यांनी तुला काच भरू दिली नाही."

म्हणजे लपवत होते ते मी एकटीच. आणि एवढ्यासाठी मरत होते!

सिस्टरने काढून ठेवलेल्या बांगड्या मागून घेतल्या.