माझी प्रकृती आणि बन्सीभाऊंचा वड

मु. खडकमाळ, ता. पारनेर
रंगपंचमी (रंग आहे, कालवायला पाणी नाही)

तीर्थरूप बन्सीभाऊ यांच्या चरणी राधाकृष्णाचा नमस्कार पोचावा.

आपली छातीतली जळजळ थांबली का? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? कॉलेजातली पोरे अजून ऐकतात ना? इकडची खुशाली कळवायची तर बैलांच्या बरगड्या दिसू लागल्या आहेत पण जोडी उभी आहे, रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे त्या अमेरिकन ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरू लागली आहे, आणि माझ्या प्रकृतीबद्दल विचाराल तर ते मला विचारून उपयोग नाही. गेल्या वटपौर्णिमेपासून माझी प्रकृती गोठ्यामागच्या वडाच्या रोपावरून ठरते. पान ताठ असले की मी बरा, पान लोंबले की मी आजारी. मला स्वतःला काय वाटते हे या घरात कोणी विचारीत नाही. याचे सगळे श्रेय आपल्याला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (पत्र लांबणार आहे. जेवण करून, पान खाऊन वाचायला घ्या.)

आठवत असेल, ज्येष्ठात आपण आपल्या झाडे लावणाऱ्या मंडळाची जीप घेऊन आलात. परदेशात कुठे तरी सगळ्या देशांची सभा भरली, पृथ्वी वाचवायची असे तिथे ठरले, आणि ती बातमी पेपरात वाचून आपण थेट खडकमाळ गाठलेत. (पृथ्वी वाचवायला सुरुवात आमच्यापासून का, हे मला तेव्हाही कळले नाही. सबंध गावात धूर काढणारे एक ऑइल इंजिन, तेही बिघडून बसलेले. त्या दिवशी गावात जो काही धूर झाला तो आपल्या जीपचा.) मारुतीच्या पारावर कर्णा बांधला. पर्यावरण हा नवा शब्द आपण इतक्यांदा उच्चारलात की म्हाताऱ्या आक्काबाई ते देवाचे नाव समजून दर खेपेस हात जोडत होत्या. आपण वाटलेले पत्रक मी जपून ठेवले आहे. त्याच्या एका बाजूला लिहिले आहे की कारखान्यांच्या धुराने पृथ्वी तापत जाईल, आणि मागल्या बाजूला दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात की धुळीने ऊन अडेल आणि ती गार पडत जाईल. मी सातवी पास माणूस, मला दोन्ही पटले. फक्त गोधड्या वाळत घालायच्या की काढून ठेवायच्या, एवढे आपल्या मंडळाने एकमताने कळवावे.

तेही असो. आमच्या गावची रीत आपल्याला ठाऊक आहे. ओढ्याकाठचा जुना वड लांब पडतो, म्हणून वटपौर्णिमेला बाप्ये मंडळी त्याच्या फांद्या तोडून आणतात आणि बाया त्या घरी कुंडीत खोचून पुजतात. आपण म्हणालात, फांद्या तोडू नका, प्रत्येकीने आपला वड लावा आणि जन्मभर त्यालाच पुजा. डालड्याच्या डब्यात लावलेली रोपे जीपमधून उतरवली. इथवर माझी काही तक्रार नाही. पण भाषण रंगत नाही असे पाहून आपण शेवटी हात उंचावून म्हणालात, "हे रोप म्हणजे तुमचा नवराच समजा. हा जगला तर तो जगला!" टाळ्या पडल्या. आपण पिठलं-भाकरी खाल्लीत आणि नगरला गेलात. ते वाक्य मात्र इथेच राहिले.

बन्सीभाऊ, आदल्याच वर्षी मी विषमज्वराने उताणा पडलो होतो. आपणच नगरच्या दवाखान्यात खाट मिळवून दिली होतीत. पुष्पावतीने, आपल्या बहिणीने, त्या खाटेच्या पायाशी बसून जे दिवस काढले ते आपण पाहिले आहेत. अशा बाईला असले वाक्य सांगावे का? पुष्पावतीने गोठ्यामागे खड्डा घेतला, रोप लावले आणि पौर्णिमेला त्याला दोरा गुंडाळायला घेतला. करंगळीएवढे ते झाड! सात फेऱ्यांवर तिचे समाधान होईना. माझ्या खोकल्याची एक, दुखऱ्या पाठीची एक, असे करीत सगळे रीळ संपवले. बुंधा कुठे आहे हे शेवटी अंदाजानेच समजायचे.

गावात आणखी मजा झाली. शेजारच्या साळूबाईचे रोप चार दिवसांत शेळीने खाल्ले. तिचा नवरा कारभारी तेव्हा ओट्यावर बसून सुपारी कातरीत होता. साळूबाईने हंबरडा फोडला, त्याला अंथरुणावर निजवले, आणि तुपाचा शिरा काय, दूध काय, पाय चेपणे काय, त्याची अशी बडदास्त सुरू झाली की तो आठ दिवसांत गुबगुबीत झाला. हे पाहून गावातल्या बऱ्याच वडांवर अचानक संकट आले. रात्री दावणीला नीट बांधलेल्या शेळ्या सकाळी मोकळ्या सापडू लागल्या. (मी नावे घेत नाही. दोघे तर पंचायतीचे मेंबर आहेत.) पण गावातले तूप लवकरच संपले, बाया शहाण्या झाल्या आणि नवरे पुन्हा कामाला लागले. झाडे तेवढी गेली. श्रावणापर्यंत आपल्या मोहिमेतला एकच वड उरला, तो आमचा.

मग पाऊस आलाच नाही. ते आपल्याला सांगायला नको. विहिरीत उतरून वाटीवाटीने पाणी भरायची पाळी आली, सगळे गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. अशात आपण दिवाळीनंतर फोटोग्राफर घेऊन आलात आणि ओढ्याकाठच्या जुन्या वडाच्या फांद्या छाटलेल्या पाहून सगळ्यांदेखत मला रागावलात. मी तेव्हा मान खाली घातली, कारण आपण वडीलधारे आहात. आता लिहून सांगतो, की तो पाला माझ्या आणि कारभाऱ्याच्या बैलांनी खाल्ला आणि त्यावर ते जगले. आपल्या मंडळाला झाडाची दया येते हे चांगलेच आहे, पण झाड आणि बैल यांतून एक निवडायची वेळ आपल्यावर कधी आलेली नाही. शेंडा आम्ही राखला होता, आणि त्याला आता चांगली पालवी आली आहे. पुढल्या खेपेस त्याचाही फोटो काढा.

आता माझे हाल ऐका. घरातले तांदूळ धुतलेले पाणी, भांड्यांचे पाणी सगळे वडाला. माझी आंघोळ तर पहिल्याच महिन्यात वडाकडे वर्ग झाली. (पुष्पावतीचे म्हणणे, तो न्हाला म्हणजे तुम्हीच न्हालात.) सकाळी ती आधी गोठ्यामागे जाऊन येते. पान ताठ असले तर मला कामावर जायची परवानगी. पान मलूल दिसले तर गुळवेलीचा काढा, तो तिच्यासमोर प्यायचा, आणि त्या दिवशी घण हातात घ्यायचा नाही, सावलीत बसून बारीक खडी फोडायची. एक पान गळून पडले तेव्हा माझी तंबाखू बंद झाली ती आजतागायत. पाणी उकळून गार केलेलेच प्यायचे, कारण वडाची पाने पिवळी दिसतात. मुकादम मला सकाळी रामराम घालायच्या ऐवजी वड कसा आहे म्हणून विचारतो.

हसायचे तेवढे हसून घेतलेत ना? आता खरे सांगतो. माघात मला दिसले की भांड्यांचे पाणी पुरत नाही म्हणून ती आपल्या वाटणीचे प्यायचे पाणीही त्याला घालते. मला चोरून. ती वाळली आहे, बन्सीभाऊ. मनगटातली काकणे कोपरापर्यंत वर चढतात. वड मेला तर मला काही होणार नाही हे मी जाणतो, पण तिचे काय होईल?

आणि शिवरात्रीच्या सुमारास एका सकाळी वडाची उरलीसुरली पाने गळून पडली. एक राहिले नाही. ती पाण्याला गेली होती. मी धावत जाऊन पाहिले तर शेंड्याकडची साल हिरवी, नखाने खरवडली तर ओली. मग पाने का गळाली, म्हणून खाली चाचपले आणि तेव्हा कळले. झाड इतक्या दिवसांत अंगठ्याएवढे जाड झाले होते आणि आपल्या बहिणीचा तो व्रताचा दोरा सालीत रुतून बसला होता. घातलेले पाणी वर चढायला पुरेशी वाटच नव्हती. माझ्या दीर्घायुष्याने त्याचा गळा आवळला होता! मी विळा आणला. पण वटपौर्णिमेचा दोरा, तोही माझ्याच नावाचा, माझ्याच हाताने कसा कापायचा? (माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे आपण जाणताच. तरी हात चालेना, ते थंडीमुळे असेल.) तेवढ्यात घागर घेऊन ती आली. मला वाटले आता रडारड होणार. तिने घागर उतरवली, दोऱ्याचे टोक शोधले आणि म्हणाली, "अवो, असं काय बघताय? धरा हितं. कापायचं न्हाई, सोडवायचं."

ती उलट्या फेऱ्या घालीत दोरा सोडवीत गेली. रुतला होता तिथे जिभेने बोट ओले करून तो भिजवीत गेली. मी टोक धरून उभा. ती अगदी शांत होती. काळजीने दगड झाली असावी असे मला वाटले. सगळा दोरा निघाला तेव्हा म्हटले, आता याचे काय करायचे? ती म्हणाली, "काय करायचं म्हंजी? हात करा पुढं." आणि तो मातकट दोरा तिने माझ्या दंडाला गुंडाळला. तसाच मी कामावर गेलो. सगळा तलाव हसला. मला त्या दिवशी लाज वाटली नाही, एवढेच लिहितो.

परवा वडाच्या शेंड्याला तांबूस कोंब फुटला. आज त्यातून नखाएवढे पान सुटले आहे. ओढ्याकाठ सोडला तर सबंध माळावर तेवढीच एक ओली वस्तू आहे, आणि कामावरून येताना लोक वाट वाकडी करून ती बघायला येतात. आक्काबाई तर काठी टेकीत येऊन त्याला हात जोडून गेल्या. ढग नाही, वारा नाही, तरी ते पान पाहिले की औंदा पाऊस होणार असे मला वाटते. हे शास्त्रात बसत नसेल तर आपल्या पत्रकाच्या तिसऱ्या बाजूला छापा.

वहिनींना सांगा, चिंचा निवडून ठेवल्या आहेत, येणाऱ्याबरोबर पाठवतो. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. जमेल तितक्या लवकर इकडे या. जीप नको, कर्णा नको, एस. टी.ने या. आणि बहिणीला शेजारी बसवून सांगा की ते वाक्य नुसते भाषणातले होते, वडाचा आणि माझ्या जिवाचा काही संबंध नाही, तू तुझे पाणी तू पी. माझे ती ऐकत नाही. आपले ऐकेल.

ता. क. २. वरची ता. क. रद्द समजावी. दादाला एवढे काय लिहिता म्हणून तिने सगळे वाचून दाखवायला लावले. मी ओशाळून वाचले. ऐकून ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो. "दादाला म्हनावं, झाड ते झाड, मानूस ते मानूस, येवढं मला कळतंय. पर डाक्टरनं सांगितलं उकळून पानी प्या, जड काम करू नका, तंबाखू सोडा, तर ह्यांनी ऐकलं न्हाई. मी सांगितलं, ऐकलं न्हाई. वडाचं मातूर लगेच ऐकलं. मंग तो मेला असता तर ह्यांना ऐकवायला माझ्याकडं काय उरलं असतं?" जसेच्या तसे उतरवले आहे. इतके दिवस आपल्या वाक्यावर या घरात विश्वास ठेवून होता तो एकटा मीच.

ता. क. ३. ती चुलीकडे गेली आहे, म्हणून घाईने लिहितो. पाऊस पडला की मंडळाच्या रोपवाटिकेतून एक कडुलिंबाचे रोप पाठवा. मोहिमेत धरू नका, फोटो नको, आणि मी मागितले हे कोणाला सांगू नका. तिच्या नावाने लावायचे आहे. ती वाळते आहे की बरी आहे, हे मला कशावरून तरी कळायला हवे. लिंब बिनपाण्याचाही जगतो म्हणतात. पण याला पाणी मी घालणार आहे.