एकेचाळीस किलोंसाठी पट्टा

शनिवार, ८ मार्च

प्रिय मास्तर,

सकाळी कपडे भिजवले. बाबांच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. जेवण झाल्यावर कुरियरवाला आला, सही करून खोकं घेतलं. झोळीचे पट्टे आले. बाबांना जाऊन आज अठरा दिवस झाले.

लहानपणी तू सगळ्यांच्या वह्या लाल पेन्सिलीने तपासायचास म्हणून बाबांनी तुला मास्तर केलं. हे पत्र मात्र तपासू नकोस, नुसतं वाच. फोनवर मला बोलायला जमत नाही. तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणते, आणि फोन ठेवल्यावर भांडी आपटते.

पट्टे चांगले आहेत. हे लिहायची इच्छा नव्हती, पण कारखान्यात मी दिवसभर खांबावर चढणाऱ्यांचे पट्टेच तपासते, त्यामुळे चांगल्याला वाईट म्हणवत नाही. पॉलिस्टरची नवार आहे, दोन बोटं रुंद, झाडाची साल कापणार नाही. वीतवीतभर अंतरावर फास शिवलेत, कडी हव्या त्या फासात अडकवावी. टाके एकसारखे. मी डोळे मिटून पास केले असते. म्हणूनच डोक्यात तिडीक गेली. खोकं भिंतीवर फेकावंसं वाटलं. फेकलं नाही. मी आजवर काय फेकलंय?

सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊक असेलच, पण तू तिथे नव्हतास. दवाखान्यात बाबांच्या खाटेसमोर कॅलेंडर होतं. त्यात एक माणूस दोन झाडांना बांधलेल्या झोळीत तोंडावर टोपी घेऊन पडलेला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ मला कळला आणि बाबांनाही. गाडीत बसताना ते म्हणाले, आयुष्यभर खांबावर पट्ट्याला लटकून तारा ओढल्या, आता एकदा आडवं पडून लटकायचंय. मागे दोन झाडं आहेतच. ड्रायव्हरसुद्धा हसला. मी रात्री तुला सांगितलं आणि चार दिवसांत तुझी झोळी दारात. तेव्हा मला तुझा किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू. कारखान्यात दोघीतिघींना सांगितलं, भाऊ असावा तर असा.

झोळीबरोबर पट्टे नव्हते. पट्टे वेगळे घ्यावे लागतात, आणि ते निवडायचे तू ठरवलंस. दोरी नको म्हणालास, साल कापते, गाठ सरकते. बरोबर. पहिले पट्टे आले ते नायलॉनचे. नायलॉन वजनाने लांबतं, दवाने आणखी सैल पडतं, बाबा पहाटे जमिनीला टेकतील. परत पाठव म्हणालास. तेही बरोबर. दुसरे आखूड निघाले, आपल्या झाडांमध्ये सोळा फूट अंतर. मग तू पाच पट्ट्यांचा तक्ता करून पाठवलास: रुंदी, लांबी, किती वजन पेलतो, किती वजनाला तुटतो, आणि हे दोन आकडे वेगळे असतात हे मला, मला समजावून सांगितलंस! अकरा वर्षं माझ्या शिक्क्याशिवाय एक पट्टा त्या कारखान्याबाहेर गेलेला नाही. तक्त्यातला सगळ्यात चांगला पट्टा दुकानात संपला होता. तू म्हणालास, थांबू या, दहा दिवसांत येतोय. दोनशे किलो पेलणारा आहे.

बाबांचं वजन त्या आठवड्यात एकेचाळीस किलो होतं. मीच त्यांना उचलून काट्यावर ठेवलं होतं.

दहा दिवस उलटले, पट्टा आला नाही. बाबा रोज विचारायचे, मी दारातून आत पाय ठेवला की. आला का गं पट्टा? नाही बाबा. मग म्हणायचे, त्या मास्तराला म्हणावं, मला चंद्रावर नाही पाठवायचंय, जमिनीपासून दोन फूट. पडलो तर तिथेच पांघरूण ओढून झोपेन. एकदा म्हणाले, तूच शीव की. तू पास केलेल्या पट्ट्यावर माणसं खांबावर चढतात, मी आडवा पडायला भितो होय? मी म्हटलं, मास्तर थांब म्हणतोय. मग म्हणाले, बरं, साहेबांची परवानगी येऊ दे. त्यानंतरच्या बुधवारपासून त्यांनी विचारणं सोडलं. खिडकीकडे पाठ करून झोपायला लागले. तुला हे मी सांगितलं नाही. तू विचारायचास, कसे आहेत, आणि मी सांगायचे, शांत आहेत.

मला पट्टा शिवायला अर्धा तास लागला असता. आमचे शेठ स्वतः म्हणाले होते, बाई, कापून घेऊन जा हवा तेवढा. मी तुला विचारलं तर तू म्हणालास, घरगुती नको ताई, प्रमाणपत्र असलेलाच हवा, उद्या काही झालं तर आपण आयुष्यभर स्वतःला माफ करणार नाही. काय होणार होतं रे उद्या? काय व्हायचं शिल्लक होतं? तीनशे मैलांवर बसून तू काळजी करत होतास, आणि त्या काळजीत तुला इथला वास येत नव्हता, पाठीवरच्या जखमा दिसत नव्हत्या. तक्ता करणं सोपं होतं. मला राग याचा येतो की तू मनापासून करत होतास. हलगर्जीपणा केला असतास तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

आणि माझंही ऐक. तुझं म्हणणं मला पटलं होतं. एक टाका सुटला तर मी पट्टा बाजूला काढते, बाई फार कटकटी आहे असं मुली पाठीमागे म्हणतात ते मला ठाऊक आहे. मलाही पक्काच पट्टा हवा होता. घरी आल्यावर तुझा तक्ता घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसायचे, आकडे ताडून बघायचे, तेवढा वेळ आतल्या खोलीत जावं लागायचं नाही. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.

शोकसभेत तू उभा राहून बोललास. बाबांची शेवटची इच्छा पूर्ण झाली म्हणालास. शेवटचे दोन दिवस ते झाडांखाली झुलत होते, आणि पट्टा ताईने स्वतःच्या हाताने शिवला होता. सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. बाबांबरोबर खांबावर चढलेले ते फोरमनकाका, त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, पोरी, अशी लेक मिळायला भाग्य लागतं. मी त्यांना पाणी दिलं. दुसरं काय करणार होते?

तू खोटं बोलला नाहीस. मी तुला जे सांगितलं तेच तू बोललास. ते गेले त्या सकाळी तू रस्त्यात होतास, फोनवर रडत होतास आणि सारखं तेच विचारत होतास, ताई, झोपले होते का गं झोळीत, एकदा तरी? मी म्हटलं, हो, शेवटचे दोन दिवस. कशाने बांधलीस, म्हणालास. मी म्हटलं, माझ्या पट्ट्याने. तू म्हणालास, बरं केलंस, माझं ऐकलं नाहीस ते. नंतर दोन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, मागे झाडांकडे कोणी फिरकलं नाही, आणि तू परत गेलास.

काल तुझा फोन आला की झोळी मला पाठव, पोरांना तिच्यात बसवीन, बाबांचा वास असेल तिला. रात्रभर मी त्याचाच विचार केला. झोळी कपाटात आहे, मास्तर. घडीसुद्धा मोडलेली नाही. तिला दुकानाचा वास आहे. बाबा तिच्यात कधीच झोपले नाहीत, एक मिनिटही नाही, आणि मी पट्टा कधीच शिवला नाही. पोरांसाठी हवी असेल तर सांग, हे पट्टे घालून पाठवते, पण आजोबांची म्हणून त्यांना देऊ नकोस. फोरमनकाकांना मीच जाऊन सांगेन. तुझ्यावरचा राग गेलेला नाही आणि तो एवढ्यात जाईल असंही वाटत नाही. तूही माझ्यावर हवा तेवढा रागाव, तुझा हक्क आहे. फक्त फोन लगेच करू नकोस, मी पुन्हा ‘हं’ म्हणेन. लिही.

टाकी भरल्याचा आवाज येतोय. पाणी वाहून जायच्या आत मोटर बंद करायला हवी, घरात दुसरं कोणी नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई