आईसाठी एकशेवीसचा रोल

बाबा, सध्या मी सुरतेत आहे. भेस्तानला, धाकट्याच्या घरी, आईच्या पलंगावर बसून लिहितेय. ती बाहेर ओट्यावर लसूण सोलत शेजारणीला कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगते आहे, आणि गोष्ट रंगात आली की तिचा आवाज बारीक होतो, म्हणजे मला नेमकं महत्त्वाचं तेवढं ऐकू येत नाही. तुमचा दोन भिंगांचा कॅमेरा माझ्याजवळ आहे. तुम्ही गेल्यावर तो कुणी घेईना म्हणून माझ्या गळ्यात पडला असं धाकटा म्हणतो. मी म्हणते, मी तो मागून घेतला. तुम्ही असतात तर तुम्ही धाकट्याची बाजू घेतली असतीत, हेही मला माहीत आहे.

बँकेच्या तपासणीच्या कामानं मला गावोगाव हिंडावं लागतं आणि कॅमेरा माझ्याबरोबर हिंडतो. कुठंही उतरले की माणसं चांगलं हॉटेल विचारतात, मी या कॅमेऱ्याला लागणारा एकशेवीसचा फिल्मरोल कुठे मिळतो ते विचारते. तुमच्या काळी तो साबण-काडेपेटीसारखा मिळायचा. आता दुकानदार आधी माझ्याकडे बघतो, मग कॅमेऱ्याकडे, आणि मग त्याला आपलं लग्न आठवतं. भोपाळच्या एका दुकानदारानं कॅमेरा दाखवायला वरच्या मजल्यावरून बायकोला बोलावलं, मला चहा पाजला, बिस्किटं दिली, रोल मात्र दिला नाही, कारण नव्हताच. राजकोटला मिळाला, पण इतका जुना की सगळं शहर धुक्यात बुडालेलं आलं. कोचीत एक दाताची डॉक्टरीण भेटली, शेवटचा पेशंट गेला की दवाखान्याच्या न्हाणीघरात रोल धुणारी. काढलेले रोल मी मोज्यात गुंडाळून आणते आणि विमानतळावर शिपायाच्या विनवण्या करते, की हा तेवढा मशीनमधून घालू नका, हातानं बघा. या सगळ्यात फार वेळ जातो, आणि तो असा गेलेला मला आवडतो.

या खेपेला मात्र मी रोल न घेताच आले होते. होते ते भोपाळला संपले होते, आणि आईकडे चार दिवस आराम करायचा, फोटो कशाला, असं मनात होतं. पहिल्याच सकाळी आई पोहे परतता परतता म्हणाली, "तुह्या बाबाच्या डब्यानं माहा एक फोटो काढून दे. भिंतीचा." तुम्ही लगेच समजला असाल. धाकट्याला कळायला एक क्षण लागला, आणि कळल्यावर तो पाणी प्यायला उठला. गावाहून कुणाचे आई-वडील इथल्या बमरोलीत मुलांकडे आले की पोरं त्यांना तुमच्या फोटोच्या दुकानात आणायचे आणि धुतलेल्या कपड्यांत, खुर्चीवर, ताठ बसवून एक फोटो काढून ठेवायचे. कशासाठी, ते म्हाताऱ्यांना माहीत असे, पोरांना माहीत असे, तुम्हाला माहीत असे. कुणी बोलत नसे. आई तेवढी सरळ बोलली.

धाकटा म्हणाला, "आई, मोबाइलवर काढू ना. संध्याकाळपर्यंत फ्रेम करून आणतो." तर ती म्हणाली, "मोबाइलातले माहे सारे फोटो जेवतानाचे हायेत. मेल्यावर बी मी भिंतीवर जेवतच बसू काय?" आणि पोह्यांवर कोथिंबीर टाकली. विषय संपला.

तिचं खरंच होतं, बाबा. तिचा धड असा फोटो एकही नाही, आणि याला तुम्ही जबाबदार आहात. रोल पुरता झाल्याशिवाय तुम्ही तो धूत नव्हतात, आणि गिऱ्हाईक तर उद्याच फोटो मागायचं. मग एखादी जागा शिल्लक राहिली की तुम्ही मागच्या दाराशी येऊन हाक मारायचात, "ये वं, रोल संपवाचा हाये." आई असेल तशी यायची. कणकेचे हात, खोचलेला पदर, कपाळावर राख. तुम्ही हू की चू न करता खटका दाबायचात आणि ती परत चुलीकडे. गुंडाळलेल्या रोलची चिकटपट्टी जिभेनं ओली करून चिकटवायचं कामही तिचंच होतं. मीही तशाच उरलेल्या जागांत मोठी झाले. एकदा रोलमध्ये दोन जागा होत्या आणि मी माझ्या मांजरीचा फोटो काढून घेतला, तेव्हा तुम्ही मला दुकानाबाहेर उभं केलंत. "तो कोनाच्या तरी मायचा फोटो होता," म्हणालात. मला तेव्हा राग आला होता. मांजर मात्र फार छान आली होती आणि तिचा फोटो तुम्हीच काचेखाली लावलात.

तर, सुरतेत एकशेवीसचा रोल. मागवला असता तर माझी रजा संपल्यावर पोचला असता, म्हणून मी जुन्या बाजारात गेले. तुम्ही कागद आणि केमिकल घ्यायचात त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. गल्ल्यावरचे काका हसले. "एकसो वीस? बेन, ए तो क्यारनुं बंद थई गयुं." मग स्वतःलाच वाईट वाटल्यासारखं त्यांनी दोन फोन केले आणि मला पर्वत पाटियाला धाडलं, साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढणाऱ्या एका माणसाकडे. कपड्याच्या दुकानांवर तिसऱ्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. आत लख्ख उजेड, एक मुलगी चौदावी की पंधरावी साडी बदलून उभी, पदर मागून चिमट्यांनी धरलेला. हा चाळिशीचा माणूस दिवसभर संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यावर साड्या काढतो आणि सुट्टीच्या दिवशी तापीकाठी जाऊन फिल्मवर पूल काढतो. त्याच्या फ्रीजमध्ये छासच्या पिशव्यांशेजारी रोल होते, मोजून दोन. "ब्लैक ऐन्ड व्हाइट है, चलेगा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आईला पांढरी साडीच नेसायची आहे. धुवायचं तोच करणार होता, स्टुडिओच्या पँट्रीत.

दुसऱ्या दिवशी आई विहारात नेसते ती पांढरी साडी नेसून, केसांना तेल लावून, दारातल्या उजेडात खुर्चीवर बसली. मी साडीवर उजेड मोजायला गेले आणि हात आपोआप मागे आला. पांढऱ्यावर मोजायचं नाही, तळहातावर मोजायचं. खोली तशी अंधारीच, फिल्म मंद, म्हणून कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला आणि खटका सावकाश उघडून मिटेल असा लावला. आई म्हणाली, "आधी बाकीच्यायचे काढून घे. मी रोल संपवाले बसीन." मी म्हटलं, सगळा रोल तुझाच आहे. तिला ते पटेना. एवढ्या फोटोंत एकाच बाईनं काय करायचं, असं तिनं दोनदा विचारलं. मग मात्र बसली, हनुवटी वर करून, आणि एकेका फोटोला साडीचा काठ सारखा करत राहिली. रोल संपल्यावर चिकटपट्टी ओली करायला तिनंच हात पुढे केला. चव तीच आहे म्हणाली.

पर्वत पाटियाला त्यानं ओली पट्टी उजेडासमोर धरली आणि भिंग लावून एकेक फोटो तपासला. मग म्हणाला, "दीदी, घर के पीछे से ट्रेन जाती है क्या?" मी भिंगातून पाहिलं. आई होती, खुर्ची होती, दार होतं, आणि सगळ्याला दुहेरी कड होती. एकही फोटो स्थिर नव्हता. गाडी नाही, मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला हसू आलं आणि रडूही. धाकट्याच्या भिंतीला लागून कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना आहे. दिवसभर फरशी हलते, ताटातली वाटी सरकते, आणि आमच्यापैकी एकालाही ते कळलं नव्हतं. नागपूरच्या माझ्या शांत घरात मला झोप लागायला वेळ लागतो आणि इथे आडवी झाले की डोळा लागतो, त्याचं कारण तेच असणार. बमरोलीत आपलं दुकान तर दोन कारखान्यांच्या मधोमध होतं. भिंतीचे फोटो तुम्ही आठवड्याच्या वीजकपातीच्या दिवशीच घ्यायचात. मला वाटायचं, कामगारांना त्या दिवशी सुट्टी असते म्हणून. दिवे नाहीत, पंखा नाही, तुम्ही दार सताड उघडून दारातल्या उजेडात म्हाताऱ्यांना बसवायचात, आणि मी घामाघूम होऊन तुमच्यावर चिडायची. तुम्ही हे कधी समजावून सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

आता राहिला होता एकच रोल, आणि तो त्याचा होता. पुढच्या सुट्टीला एका नव्या पुलाचे फोटो काढायला त्यानं तो ठेवला होता. मी काही म्हणायच्या आत त्यानं फ्रीज उघडला. "पुल कहीं नहीं जाता," म्हणाला.

भेस्तानच्या त्या कारखान्याची सुट्टी माझ्या परतीच्या दिवशी होती. मी तिकीट पुढे ढकललं आणि साहेबांना खोटं न बोलता सांगितलं, की आईचा फोटो काढायचा राहिलाय. सुट्टीच्या दिवशी सकाळी लूम थांबलेले होते आणि घर इतकं गप्प होतं की आईनं दोनदा विचारलं, "काहून असं वाटून राह्यलं?" ती खुर्चीवर बसली. या वेळी काठ सारखा केला नाही. मी खाली मान घालून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेत बघत होते, तिथे ती उलटी दिसत होती, डावीची उजवी, आणि फार लहानशी. ती म्हणाली, "तुह्या बाबाचा फोटो मी काढला होता, ठाऊक हाये काय तुले? भिंतीवरचा. एक जागा उरली होती. म्या म्हनलं, आज तुमी बसा. थे बसले. हात हलवू नको म्हनले, बस." इतकी वर्षं मी तुमच्याकडे बघत आले आणि फोटो काढणाऱ्याकडे तुम्ही कसं बघताय ते मला कधी दिसलं नव्हतं. मी खटका दाबला. मग रोल संपेपर्यंत आम्ही तुमच्याबद्दलच बोलत राहिलो, आणि तुमची बरीच निंदा झाली.

फोटो चांगला आला आहे, बाबा. अगदी तुम्ही काढल्यासारखा. साडीची प्रत्येक चुणी वेगळी दिसते, पांढऱ्यात पांढरं हरवलेलं नाही, आणि आई ताठ आहे, गंभीर आहे, घरची मालकीण दिसते. तिला मी हातात मावेल एवढी प्रत दाखवली. तिनं चष्मा लावून, दाराशी नेऊन पाहिली, आणि म्हणाली, "हाच लावजा. आता मोठा करून, फ्रेम करून आन. माह्या कपाटात ठेवून देतो, तुमची धावपळ नको." नंतर जेवताना भाताला दुसऱ्यांदा हात पुढे केला. तिचं मन हलकं झालं होतं आणि ते पाहून माझंही झालं. काम तडीला गेलं की तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसून बिडी ओढायचात. मी आज ओट्यावर बसून तिच्याबरोबर लसूण सोलला.

उद्या सकाळची गाडी आहे. हे पत्र टपालात पडणार नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, तेव्हा खरं सांगून टाकते. फ्रेम काल दुपारीच तयार झाली. मी ती घेऊनही आले. माझ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली, दोन टॉवेलांत गुंडाळून ठेवली आहे. आईला सांगितलंय, दुकानदाराकडे काच संपली होती, पुढच्या खेपेला आणते. पुढच्या खेपेलाही काही तरी सांगेन.